जुना डिशवॉशर: बिघाड, निगा आणि दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे सात ते पंधरा वर्षे वापरलेल्या, बारा ते चौदा जणांच्या भांड्यांच्या, ओट्याखाली किंवा ओट्याशेजारी उभ्या असलेल्या यंत्रांसाठी लिहिली आहेत. आमच्या पुण्यातील घरी २०१२ साली घेतलेले यंत्र अजून रोज एकदा चालते. या काळात ते जितक्या वेळा अडले, त्यांपैकी बहुतेक वेळा दोष विजेच्या सर्किटात नव्हता, तर पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत होता. त्यामुळे पुढील उत्तरांतही पाण्याला झुकते माप मिळाले आहे.

यंत्र बिघडले आहे असे वाटल्यास सर्वांत आधी काय पाहावे?

पाहण्याआधी ऐकावे. डिशवॉशरचे काम चार टप्प्यांत चालते: पाणी आत येते, पंप ते फिरवतो, हीटर ते तापवतो आणि शेवटी दुसरा पंप ते बाहेर फेकतो. बहुतेक यंत्रे सुरू होताच आधी काही सेकंद शिल्लक पाणी बाहेर टाकतात, त्याचा घरघर असा आवाज येतो. मग नळाचे पाणी आत शिरल्याचा सूं आवाज येतो आणि त्यानंतर भांड्यांवर पाणी आपटल्याचा सळसळाट सुरू होतो. यांपैकी कोणता आवाज आला नाही हे ठरले की निम्मे निदान झाले. मेकॅनिकला फोन करतानाही ‘मशीन बंद पडले’ असे न सांगता ‘पाणी आत येते, पण फिरत नाही’ असे सांगितल्यास तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येण्याची शक्यता वाढते.

काचेच्या पेल्यांवर आणि स्टीलच्या ताटांवर पांढरट थर का दिसतो?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्रापेक्षा इमारतीच्या पाण्याच्या टाकीत अधिक सापडते. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापले की भांड्यांवर, हीटरवर आणि पाइपांमध्ये बसतात. हे टाळण्यासाठी यंत्राच्या तळाशी पाणी मृदू करणारा कप्पा असतो. त्यातील राळेचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर हे मणी भरून जातात. मग आपण भरलेल्या मिठाचे खारट पाणी त्यांच्यावरून फिरते आणि ते पुन्हा कामाला तयार होतात. मीठ भांडी धुण्यासाठी नसते, ते या मण्यांसाठी असते, हे एकदा समजले की बरेच गोंधळ मिटतात.

आता पाण्याविषयी. सह्याद्रीतील धरणांचे महापालिकेचे पाणी साधारणपणे मृदू असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे या क्षारांचे प्रमाण जास्त असलेले, असते. शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये मार्च उजाडला की टँकर सुरू होतात आणि टाकीत महापालिकेचे व बोअरचे पाणी एकत्र होते. यंत्रात पाण्याच्या जडपणाप्रमाणे निवडायची पातळी मात्र यंत्र बसवण्याच्या दिवशी जी ठेवली होती तीच राहते, आणि एप्रिलमध्ये पेले धुरकट झाले की दोष डिटर्जंटला दिला जातो. आम्ही होळीच्या सुमारास ही पातळी दोन पायऱ्यांनी वाढवतो आणि पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा खाली आणतो. हे काम दोन मिनिटांचे आहे. बटणांचा क्रम मॉडेलप्रमाणे वेगळा असल्याने तो माहितीपुस्तिकेत पाहावा.

पातळी ठरवताना टीडीएस मीटरवर विसंबू नये. तो पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ मोजतो, जडपणा नव्हे. पाणी मृदू केल्यानंतरही कॅल्शियमच्या जागी सोडियम आल्यामुळे टीडीएसचा आकडा जवळपास तोच राहतो. जडपणासाठी वेगळ्या पट्ट्या किंवा थेंबांचे किट मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही यंत्राला फार जड असू शकते. पुस्तिकेतील तक्ता जर्मन अंशांत (जडपणा मोजण्याच्या एका एककात) असेल, तर मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागावे. ३०० मिलिग्रॅमचे पाणी सुमारे १७ अंशांचे ठरते.

थर नेमका क्षारांचाच आहे का, हे पाहण्यासाठी पेल्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटे ठेवावा. तेवढा भाग लख्ख झाला तर तो क्षार आहे आणि तो निघेल. धुरकटपणा तसाच राहिला, तर काच स्वतःच झिजली आहे. अशी झीज फार मृदू पाणी, जास्त डिटर्जंट आणि चढे तापमान यांमुळे होते आणि ती कशानेही भरून येत नाही.

स्वयंपाकघरातील मीठ वापरले तर चालते का?

चालत नाही. बारीक मिठाचा कप्प्यात गोळा बनतो, त्यातील आयोडीन आणि मीठ मोकळे ठेवण्यासाठी घातलेले पदार्थ मण्यांसाठी योग्य नसतात. डिशवॉशरचे जाड दाणेदार मीठच वापरावे. कप्प्यात साधारण एक ते दीड किलो मीठ मावते. पहिल्यांदा भरताना आधी कप्प्यात पाणी घालावे लागते, नंतर ते तिथे असतेच. मीठ भरल्यावर बाहेर सांडलेले दाणे पुसून लगेच एक धुणे चालवावे, कारण खारट पाणी तळाच्या स्टीलवर बसून राहिले की तिथे गंजाचे ठिपके उमटतात. आणि घरात मदतीला येणाऱ्या मावशींना किंवा पाहुण्यांना कोणत्या झाकणाखाली काय घालायचे ते नीट दाखवून ठेवावे. मिठाच्या कप्प्यात चुकून डिटर्जंट गेले तर मणी कायमचे निकामी होऊ शकतात.

मीठ भरले तरी मिठाचा दिवा विझत नाही, तो का?

मीठ विरघळून खारट पाणी दाट होईपर्यंत एक-दोन धुणी जावी लागतात. त्यानंतरही दिवा राहिला तर आतील तरंगता सेन्सर मिठाच्या गोळ्यात अडकला असण्याची शक्यता असते. लांब लाकडी चमच्याच्या दांड्याने मीठ हलके ढवळून पाहावे.

वरच्या रॅकमधील भांडी अर्धवट धुतली जातात. पंप कमजोर झाला आहे का?

पंपाचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. प्रथम स्प्रे आर्म, म्हणजे पाणी उडवत फिरणारी पाती, हाताने फिरवून पाहावीत. ती पाण्याच्या झोताच्या प्रतिक्रियेनेच फिरतात, त्यांना वेगळी मोटर नसते. खालच्या रॅकमधून वर आलेला झारा किंवा उभी राहिलेली कढईची मूठ पात्याला अडली, तर पाते एकाच जागी उभे राहते आणि रॅकचा एकच कोपरा स्वच्छ होतो.

त्यानंतर पाती काढून उजेडासमोर धरावीत. आमच्या यंत्राच्या वरच्या पात्याच्या बारा छिद्रांपैकी सात छिद्रे बंद झाली होती, आणि प्रत्येकात मोहरीचा एकेक दाणा असा चपखल बसला होता की जणू कारखान्यातच बसवला असावा. मोहरीचा दाणा आणि छिद्राचा व्यास यांचे हे सख्य आपल्या फोडणीमुळे आपल्याच वाट्याला येते. दाणे लाकडी टूथपिकने आतल्या बाजूला न ढकलता बाहेर उचकटावेत, कारण आत गेलेला दाणा पुढच्या धुण्यात पुन्हा त्याच छिद्राशी येतो. धातूच्या सुईने छिद्र मोठे होते आणि झोताची दिशा बिघडते. शेवटी पाते नळाखाली धरून आतून पाणी सोडावे आणि उभे धरून झटकावे. आतून खुळखुळ आवाज येत असेल तर अजून काही शिल्लक आहे.

मोहरी पात्यापर्यंत पोहोचली, याचा अर्थ गाळणी नीट बसलेली नाही किंवा तिची जाळी फाटली आहे. तळातील गाळणी बहुधा तीन भागांची असते. ती काढून मऊ ब्रशने, भांडी घासण्याच्या साबणाने धुवावी आणि बसवताना कुलूप लागेपर्यंत फिरवावी. जिरे, कढीपत्त्याचे देठ, मिरचीच्या बिया आणि शेवग्याच्या शेंगेचा चोथा हे तिथले नेहमीचे पाहुणे आहेत. ताटातील खरकटे डब्यात झाडून टाकणे पुरेसे असते. भांडी आधी विसळून घेण्याची गरज नसते, मात्र भात आणि पिठाचे वाळलेले थर याला अपवाद आहेत.

धुणे संपल्यावर तळाशी पाणी साचून राहते. ते किती असणे ठीक आहे?

गाळणीखालच्या खळग्यात थोडे पाणी राहणे अपेक्षित आहे, त्यामुळे रबरी सील ओले राहतात. पाणी गाळणीच्या वर दिसत असेल तर मात्र निचरा अडला आहे. आधी सिंकखालचा पाइप पाहावा. तो मुडपला आहे का, सिंकखालच्या वळणदार नळीत तेलकट गाळ भरला आहे का, आणि पाइपाचा वळसा जमिनीपासून पुरेसा उंच आहे का, हे तपासावे. बहुतेक उत्पादक ४० ते १०० सेंटिमीटर उंची सांगतात. पाइप थेट जमिनीवरच्या मोरीत सोडला तर आत आलेले पाणी धुणे चालू असतानाच सायफनच्या जोराने निघून जाते, आणि यंत्र पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते.

हे सर्व ठीक असेल तर ड्रेन पंप, म्हणजे पाणी बाहेर फेकणारा पंप, पाहावा. प्लग काढून, साचलेले पाणी जुन्या टॉवेलने शोषून घेऊन, गाळणी बाजूला करावी. अनेक मॉडेलमध्ये खळग्याच्या कडेला प्लास्टिकचे छोटे झाकण असते, ते उचलले की पंपाची चकती दिसते. इथे उघडा हात घालू नये, जाड रबरी हातमोजा घालावा. २०१९ साली आमच्याकडे आलेल्या एका मेकॅनिकने, झाकण न उघडताच, पूर्ण पंप बदलण्याचा अंदाजखर्च लिहून दिला होता. तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन पाहिले, तर चकतीच्या दोन पात्यांमध्ये फुटलेल्या पेल्याची नखाएवढी काच आडवी बसली होती. चिमट्याने ती काढली आणि तोच पंप आजही चालतो. चकती बोटाने फिरवल्यावर सलग न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरते. आतील चुंबकामुळे तसेच व्हायला हवे, तो बिघाड नव्हे.

यंत्रात पाणी फार हळू येते किंवा येतच नाही.

नळ उघडा आहे याची खात्री करून पाइप नळापासून सोडवावा आणि बादलीत पाणी किती जोराने पडते ते पाहावे. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार असतो. बऱ्याच यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे टाकी तीन ते पाच मीटर वर हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांना म्हणूनच हा त्रास होतो आणि त्यावर छोटा प्रेशर पंप हाच उपाय उरतो. दाब चांगला असेल, तर पाइप जिथे यंत्राला किंवा नळाला जोडला आहे तिथली बोटाच्या पेराएवढी जाळी काढून पाहावी. टाकी साफ केल्यानंतरच्या आठवड्यात तीत गाळ हमखास सापडतो. जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल तर इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, गेला असे समजावे. तो स्वस्त भाग आहे.

पाणी तापत नाही. आणि कधी कधी हीटर सुरू होताच घरातील वीज का जाते?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पाणी तापत नसेल तर तेल भांड्यांवर चिकट राहते, डिटर्जंटची पूड अर्धवट विरघळते आणि धुणे लांबत जाते. मल्टिमीटर वापरता येत असेल त्यांना हीटरची तपासणी सोपी आहे. २००० वॉटच्या हीटरचा रोध २३० व्होल्टच्या हिशोबाने सुमारे २६ ओहम यायला हवा. मीटरने अनंत दाखवल्यास हीटर तुटला आहे. रोध बरोबर असेल तर तापमानाचा सेन्सर, पाण्याची पातळी कळवणारा प्रेशर स्विच किंवा सर्किट बोर्डावरील रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, यांकडे वळावे. प्रेशर स्विचची बारीक नळी तुपातेलाच्या थराने बुजली की पाणी भरलेले असूनही यंत्राला ते कळत नाही, आणि सुरक्षेसाठी हीटर सुरूच होत नाही. आपल्या घरातील तूप आणि शेंगदाणा तेल पाहता हा दोष कमी समजू नये. काही मॉडेलमध्ये हीटर मुख्य पंपालाच जोडलेला असतो, तेव्हा तो संपूर्ण जोड बदलावा लागतो.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच, उडत असेल तर बहुधा हीटरच्या आवरणातून वीज गळते आहे. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेल्या यंत्रात ओल शिरूनही असे होते. परंतु ‘वाळेल आपोआप’ म्हणून पुन्हा पुन्हा स्विच वर करू नये, आणि आरसीसीबी वगळून तर यंत्र कदापि चालवू नये. दाराला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे. यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट असावा, एक्स्टेंशन बोर्ड नसावा.

दारातून फेस आणि पाणी बाहेर आले, आता यंत्र सुरूच होत नाही. काय झाले?

कोणीतरी हाताने भांडी घासायचे लिक्विड आत घातले. त्याचा फेस पंपात हवा भरतो, पाणी फिरत नाही आणि फेस दाराखालून तळाच्या तबकात उतरतो. त्या तबकात थर्माकोलचा एक तरंगता तुकडा असतो. पाणी साचले की तो उचलला जातो, यंत्र काम थांबवते आणि ड्रेन पंप सतत चालू ठेवते. बॉश आणि सीमेन्सच्या अनेक यंत्रांवर तेव्हा ई १५ हा संकेत येतो, एलजीच्या यंत्रांवर एई. (त्याच बॉशवरील ई २४ म्हणजे निचऱ्यात अडथळा, तर एलजीचा ओई.) आतला फेस कपड्याने काढून, थोडे साधे मीठ तळात टाकून पाणी उपसावे. मग प्लग काढून, पाणी बंद करून, दोघांनी मिळून यंत्र पुढे कलते करावे म्हणजे तबकातील पाणी पुढच्या बाजूने टॉवेलवर निघते.

फेसाचे कारण नसताना हाच संकेत आला, तर कलते करणे हा केवळ वेळ मारून नेण्याचा उपाय आहे. आत कुठेतरी गळती आहे. दाराच्या खालच्या कडेचे रबर, पंपाचे सील, आतील नळ्यांचे जोड आणि उंदरांनी कुरतडलेला पाइप या क्रमाने शोध घ्यावा.

मे महिन्यात गावाहून परतल्यावर यंत्र नुसते घुं घुं करते.

पंपाचे सील वाळून चिकटले आहे. खळग्यात दोन-तीन तांबे कोमट पाणी ओतून काही तास ठेवावे आणि मग सुरू करावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. न भागल्यास मेकॅनिक मोटर बाहेरून हाताने सोडवतो किंवा जुन्या मोटरचा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा वीज साठवणारा भाग, बदलतो. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही वीज शिल्लक राहते, त्यामुळे ते काम सवय नसलेल्याने करू नये.

कुबट वास आणि झुरळे यांचे काय करावे?

वासासाठी दाराच्या रबराची खालची घडी पाहावी. फवाऱ्याचे पाणी तिथे पोहोचत नाही आणि काळी बुरशी साठते. रबर आठवड्याला ओल्या कपड्याने पुसावे आणि धुणे संपल्यावर दार चार बोटे उघडे ठेवावे. झुरळांना सर्किट बोर्डाजवळची ऊब आवडते आणि त्यांच्या विष्ठेमुळे बोर्डावर शॉर्ट होतो. आत कीटकनाशक फवारू नये. यंत्राच्या मागे आणि खाली झुरळांसाठीचे जेल लावावे.

डिटर्जंटची डबी धुणे संपले तरी उघडत नाही.

समोर मोठे ताट किंवा परात उभी असेल तर झाकण तिच्यावर अडते. तसे नसल्यास झाकणाच्या कडेला घट्ट झालेली जुनी पूड खरवडावी.

क्षार काढण्यासाठी कोणते रसायन वापरावे?

यंत्र रिकामे ठेवून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुमारे १५० ग्रॅम तळात टाकावे आणि ५० अंशांच्या आसपासचे धुणे चालवावे. फार चढ्या तापमानाला कॅल्शियम सायट्रेट पाण्यात कमी विरघळते, म्हणून ७० अंशांचा अट्टाहास नको. ब्लीच त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर एखाद्या वेळी चालते, परंतु दर आठवड्याला वापरल्यास रबर खराब होते. जड पाणी असल्यास दोन-तीन महिन्यांतून एकदा, मृदू पाणी असल्यास वर्षातून दोनदा हे पुरे.

कुकर, कढई, तांब्याची भांडी यांमुळे यंत्र खराब होते का?

यंत्र नव्हे, भांडी खराब होतात. डिटर्जंट तीव्र अल्कधर्मी असल्याने ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, बिडाच्या तव्याचे तेल निघून तो गंजतो, कल्हई उतरते आणि पोळपाट-लाटणे तडकते. हळदीने पिवळे पडलेले प्लॅस्टिकचे डबे यंत्रात पांढरे होत नाहीत, ते दोन दिवस उन्हात ठेवावेत. रॅकच्या तारेचे आवरण निघाले असेल तर मात्र लक्ष द्यावे, कारण त्या गंजाचे कण पंपात जातात.

दुरुस्ती करावी की नवे घ्यावे? सुटे भाग मिळतात का?

इनलेट व्हॉल्व्ह, ड्रेन पंप, दाराचे रबर आणि स्प्रिंग, रॅकची चाके हे भाग यंत्र पंधरा वर्षांचे असले तरी बदलण्यासारखे आहेत. सर्किट बोर्ड नवा घेण्याआधी तो दुरुस्त करणारे गाठावेत, अनेकदा एक रिले बदलल्याने काम होते. स्टीलच्या तळाला गंजून भोक पडले असेल तर मात्र खर्च करू नये. सुटा भाग मागवताना दाराच्या कडेवरील पट्टीचा फोटो काढून त्यातील पूर्ण मॉडेल क्रमांक द्यावा, कारण एकाच नावाच्या दोन वर्षांच्या यंत्रांत पंप वेगळे असतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आहे, त्यावर काही उत्पादकांची सुटे भाग आणि दुरुस्तीविषयीची माहिती मिळते. अवाजवी बिल किंवा न मिळालेली सेवा यांची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

घर बदलताना जुने यंत्र कसे न्यावे?

आदल्या दिवशी रिकामे धुणे चालवून पाणी पूर्ण बाहेर टाकावे आणि नळ बंद करून पाइप सोडवावेत. रॅक व पाती काढून वेगळी बांधावीत, दार चिकटपट्टीने बंद करावे. यंत्र शक्यतो उभेच न्यावे, कारण आडवे केले तर मिठाच्या कप्प्यातील खारट पाणी बोर्डाकडे वाहते. नव्या जागी पाय फिरवून यंत्र समतल करावे आणि पहिल्या धुण्याआधी तिथल्या पाण्याचा जडपणा पुन्हा मोजावा.